पाहुणे कुत्र्याला घाबरत असतील तर: बेडरूममध्ये ठेवायचं की हॉलमध्ये पट्ट्यावर?

आमच्याकडे लॅब्रॅडोर कुत्रा आहे, 32 किलोचा, आणि गणपतीत दहा दिवस घरात माणसांची रीघ, त्यामुळे दोन्ही करून बघितलंय.

बेडरूमचा फायदा म्हणजे पाहुणा निवांत बसतो, आरती शांतपणे होते. पण नुसतं दार लावून घेतलं तर तो भुंकतो, दार खरवडतो आणि बाहेर बसलेली काकू अजूनच घाबरते. म्हणून पाहुणे यायच्या आधी पाऊण तास फिरवून आणायचं, मग आत पंखा, पाणी, त्याची गादी आणि दहीभात गोठवलेलं चाटायचं खेळणं द्यायचं, बहुतेक वेळा चाटता चाटता झोपूनच जातो. खोली म्हणजे शिक्षा असं त्याला वाटता कामा नये, त्यामुळे एरवीही थोडा थोडा वेळ सवय लावा.

पट्ट्यावर ठेवायचं तर घरातलं एक माणूस फक्त त्याच्यासाठीच हवं, चहा करता करता जमत नाही. पाहुण्यांना आधीच सांगायचं, डोळ्यात बघू नका, पळू नका, हात पुढे करू नका. शेपूट हलते म्हणजे खूशच आहे असं नसतं हां, सारखे ओठ चाटतोय, अंग ताठ झालंय, तर लगेच आत न्या. आणि मनुका घातलेला प्रसाद कुणी त्याला भरवत नाही ना ते बघाच, मनुका कुत्र्यांना विषारी असतात.

माझं मत, तासाभरासाठी येणारे असतील किंवा लहान मुलं असतील तर बेडरूमच. मुक्कामी पाहुण्यांना मात्र पट्ट्यावर लांबून ओळख करून द्या, माझ्या आत्याची भीती तिसऱ्या दिवशी बरीच कमी झाली होती.