दुय्यम आरशाच्या होल्डरमध्ये केलेले चार बदल: पावसाळा आणि हिवाळा काढल्यावरचा अनुभव

माझी दुर्बीण ८ इंची, एफ/६ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सुमारे सहापट), डॉब्सोनियन म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या फिरत्या बैठकीवरची न्यूटोनियन, म्हणजे आरशांची दुर्बीण. मुख्य आरसा २०३ मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, आणि नळीच्या तोंडाशी चार पात्यांच्या स्पायडरवर (आधारावर) टांगलेला ५० मिमीचा तिरका म्हणजे दुय्यम आरसा, जो प्रकाश बाजूच्या फोकसरकडे (डोळ्याजवळचं भिंग, म्हणजे आयपीस, बसवायच्या नळीकडे) वळवतो. मुख्य आरशाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. डोकेदुखी सगळी त्या तिरक्या आरशाच्या होल्डरची. गेल्या उन्हाळ्यात त्यात चार बदल केले: स्क्रूंच्या टोकांखाली पितळी चकती घातली, स्प्रिंगची जागा बदलली, आरसा टेपवरून काढून सिलिकॉनवर बसवला आणि अ‍ॅलन (षटकोनी चावीने फिरवायच्या) स्क्रूंऐवजी बोटांनी फिरवायचे नॉब लावले. त्यातली चकती सोन्यासारखी निघाली, मधले दोन बदल बरे, आणि नॉब मी काढून टाकले.

कारखान्यातून येणाऱ्या होल्डरची रचना साधी असते. मधला बोल्ट होल्डरला स्पायडरच्या केंद्राकडे ओढून धरतो आणि त्याच्याभोवती १२० अंशांवर बसवलेले तीन बारीक स्क्रू होल्डरच्या पाठीवर टेकून त्याला ढकलतात. ते कमीजास्त आवळून आरशाचा कल जुळवायचा; आरसे असे एकमेकांशी जुळवणं म्हणजे कोलिमेशन. ओढणारा एक, ढकलणारे तीन. कल्पनेत काही खोट नाही. पण स्क्रूची टोकं पोलादी आणि होल्डरची पाठ मऊ ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. दर वेळी आवळताना टोक थोडं रुततं. मी होल्डर सोडवून पाठ उजेडात तिरकी धरली तेव्हा तीन ठिकाणी खळगे दिसले, प्रत्येकाच्या कडेला धातू वर आलेला, आणि एका खळग्यात तर स्क्रूने फिरून फिरून काढलेल्या बारीक गोल रेघा.

आता एवढ्याशा खळग्याने काय बिघडतं? हिशेब करून बघा. एम४ स्क्रूचा आटा ०.७ मिमीचा, म्हणजे पाव फेऱ्यात टोक जेमतेम ०.१७ मिमी पुढे जातं. पण तेवढ्यानेच आरसा अर्ध्या अंशाच्या आसपास कलतो, परावर्तित किरण त्याहून जास्त वळतो, आणि मीटरभर लांब असलेल्या मुख्य आरशावर, जुळवणीसाठी फोकसरमध्ये लावलेल्या लेझरचा ठिपका सव्वा ते दीड सेंटिमीटर सरकतो. म्हणजे टोक घसरून जुन्या खळग्यात गेलं की ठिपका मुख्य आरशाच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी कड्याच्या बाहेर. शिवाय टोक रुतलेलं असल्याने स्क्रू फिरवला की अख्खा होल्डर त्याच्याबरोबर गोल फिरतो, आरशाचं तोंड फोकसरपासून बाजूला जातं आणि सगळं पहिल्यापासून. होल्डर डाव्या हाताने धरून उजव्या हाताने स्क्रू पिळण्याची कसरत ज्यांनी केली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

चकती साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. मी स्टीलची मागत होतो. ते म्हणाले, "पितळंच घ्या की सर, ते स्क्रूला खाणार नाही. आन् स्क्रूची टोकं पण गोल करून देतो, नायतर परत तेच." २ मिमी जाडीची, होल्डरच्या पाठीएवढ्या व्यासाची चकती, मधलं भोक बोल्टपेक्षा थोडं सैल, वरची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत. स्क्रूची टोकंही त्यांनी लेथवरच गोलसर केली. चहा आणि गप्पांसकट दोनशे रुपये. खरं तर गप्पा जास्त झाल्या, कारण चकती कशाला हवी हे त्यांना नीट समजून घ्यायचं होतं.

नुसती चकती मात्र पुरत नाही. स्क्रूबरोबर चकती फिरली आणि चकतीबरोबर होल्डर फिरला, तर काय साधलं? म्हणून चकती आणि होल्डर यांच्यामध्ये निसरडं प्लास्टिक लागतं. परदेशातले हौशी लोक दुधाच्या बाटलीतून वॉशर कापतात. आपल्याकडे दूध पिशवीत येतं, तेव्हा मी खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन कापला. तेच प्लास्टिक, फुकटात. दोन गोल तुकडे एकावर एक ठेवले. आता स्क्रू फिरला तरी होल्डर जागचा हलत नाही आणि टोकाला रुतायला जागाच नाही. पाव फेऱ्याचाही पाव फेरा फिरवला तरी ठिपका तेवढाच सरकतो, उलट फिरवला की परत येतो. आधी हे कधीच होत नव्हतं. एक लक्षात ठेवायचं: चकती आणि प्लास्टिक मिळून आरसा तीनेक मिलिमीटर मुख्य आरशाकडे सरकतो. मधला बोल्ट तेवढा लांब घ्यावा लागतो आणि आरसा फोकसरच्या बरोबर खाली आहे ना, हे नव्याने बघावं लागतं. त्यासाठी फोकसरसमोर नळीच्या आत रंगीत कागद लावा आणि मुख्य आरशाचं प्रतिबिंब दुसऱ्या कागदाने झाका. मग तिरक्या आरशाची कड स्पष्ट दिसते.

स्प्रिंगचं थोडक्यात. माझ्या होल्डरमध्ये ती होल्डर आणि स्पायडरच्या केंद्रामध्ये होती, म्हणजे ढकलणाऱ्या स्क्रूंच्याच बाजूने. तिथून काढून मधल्या बोल्टच्या डोक्याखाली, केंद्राच्या वरच्या अंगाला बसवली. आता ती होल्डरला सतत स्क्रूंच्या टोकांवर ओढून धरते, त्यामुळे एक स्क्रू सैल करून मग दुसरा आवळण्याची भानगड गेली. पण जुनी स्प्रिंग इथे चालत नाही. मऊ स्प्रिंगने नळी आडवी असताना ठिपका एकीकडे आणि उभी केली की दुसरीकडे जातो, आरसा स्वतःच्या वजनाने लोंबतो. जाड तारेची, चांगली कडक स्प्रिंग घातल्यावर नळी क्षितिजापासून डोक्यावर नेली तरी ठिपका कड्यातच राहतो.

सिलिकॉनचं काम सगळ्यात जिकिरीचं आणि सगळ्यात कमी दिसणारं. माझा आरसा फोमच्या दुतर्फी टेपवर होता. फोकसच्या आत आणि बाहेर नेल्यावर ताऱ्याचं वर्तुळ किंचित लांबट दिसायचं, आणि आत-बाहेर करताना लांबटपणाची दिशा ९० अंशांनी बदलायची. हे आरशावर कुठेतरी ताण असल्याचं लक्षण. टेप दोऱ्याने हळूहळू कापून काढली आणि सिलिकॉनचे तीन थेंब १२० अंशांवर दिले. मध्ये टूथपिक ठेवून जाडी दीड-दोन मिलिमीटर राखली, सुकल्यावर टूथपिक ओढून काढल्या. ही जाडी महत्त्वाची. अ‍ॅल्युमिनियम साध्या काचेच्या सुमारे अडीचपट आणि बोरोसिलिकेटच्या सातपट प्रसरण पावतं, तो फरक मऊ सिलिकॉनने पोटात घ्यायचा असतो. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं आम्ल आरशाच्या अ‍ॅल्युमिनियम थराला बाधतं. वर्तुळ आता गोल दिसतं. आरसा कधी निसटलाच तर मुख्य आरशावर पडू नये म्हणून पाठीला मासेमारीच्या दोरीचा फास चिकटवून स्पायडरला बांधला आहे. या बाबतीत मी भित्रा आहे आणि तसाच राहणार.

नॉबची मात्र सगळीकडे तारीफ ऐकून होतो. अंधारात अ‍ॅलन की शोधायला नको, आरशावर काही पडायची भीती नको. घरी गच्चीवर ते फारच छान वाटले. पण बोटांनी आवळलेला नॉब बोटांपुरताच आवळला जातो. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासला जायचं म्हणजे वळणं आणि खड्डे. गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवलेली नळी वर पोचेपर्यंत एखादा नॉब ढिला झालेला असायचा. गच्चीवर शेजारची पोरं आली की त्यांची बोटं आधी नॉबकडे, मग आयपीसकडे. दुसरं म्हणजे नॉब तिरक्या आरशाच्या सावलीत बसले पाहिजेत. बाहेर डोकावले की प्रकाशाच्या वाटेत नवा अडथळा. माझे एका बाजूने जरा डोकावतच होते. दिवाळीनंतर परत स्टेनलेस स्टीलचे अ‍ॅलन स्क्रू लावले आणि अ‍ॅलन की दोरीने मनगटाला बांधली. काम करताना नळी आडवी ठेवायची, म्हणजे चावी सुटली तरी मुख्य आरशावर जाणार नाही. त्यानंतर कासहून आल्यावरही ठिपका बहुधा जागच्या जागी असतो.

पावसाळ्यात दुर्बीण बंदच होती. साताऱ्याचा पाऊस आणि ती हवा, दुसरं काय करणार. सप्टेंबरात उघडली तेव्हा पितळ काळवंडलेलं होतं, पण स्क्रूच्या टोकांनी घासलेल्या जागा चकचकीत आणि सपाट, खळगा नाही. प्लास्टिकवर हलके ठसे आहेत, ते चालायचेच. वर्षा-दोन वर्षांनी बदलता येईल.

दिसण्यात किती फरक पडला? कोलिमेशन नीट जुळलेलं असेल तर जुन्या होल्डरनेही गुरूवरचे पट्टे दिसतच होते. डोळ्यांनी बघायला दुय्यम आरशाच्या कलामुळे ठिपका दोनचार मिलिमीटर चुकला तरी एफ/६ ला चालून जातं. फरक आहे तो आधी लागणाऱ्या वेळात. पूर्वी जुळवाजुळव करताना चहा गार व्हायचा आणि वैतागून मी "चालेल एवढं" म्हणून सोडून द्यायचो. आता जुळवूनच बघायला सुरुवात होते. राजन्य (रायजेल) ताऱ्याचा जोडीदार, साडेनऊ आर्कसेकंदांवरचा ६.८ प्रतीचा, ०.१ प्रतीच्या ताऱ्याच्या झगमगाटात यंदा बऱ्याच रात्री वेगळा दिसला. त्याचं श्रेय चकतीला की सिलिकॉनला, ते सांगता येणार नाही. हिवाळ्यातली शांत हवाही त्यात वाटेकरी आहे. एफ/४ किंवा एफ/५ वाल्यांनी मात्र हा बदल करायलाच हवा. कोमामुळे (मध्यापासून दूरचे तारे शेपटीसारखे पसरण्याच्या दोषामुळे) कोलिमेशनची मुभा एफ अंकाच्या घनाने कमी होते, म्हणजे एफ/४ ला ती माझ्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

थोड्या खर्चात एकच काम करायचं असेल तर चकती आणि तेलाचा कॅन. सिलिकॉन फक्त ताऱ्याचं वर्तुळ लांबट दिसत असेल तरच. आरसा उगाच सोडवू नका.

आता माझं उरलेलं दुखणं स्पायडरचं. एक पातं समोरच्या पात्याच्या रेषेत नाही, त्यामुळे व्याधाभोवतीच्या चार किरणांपैकी समोरासमोरचे दोन दुहेरी दिसतात. पातं नुसतं ताणून सरळ होतंय का ते आधी बघणार, नाहीतर पुन्हा लेथवाल्याकडे.