‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ युरोपिकोला: क्रोमखाली काय निघालं

लिव्हर हाताने ओढून एस्प्रेसो कॉफी काढायच्या एका जुन्या इटालियन मशीनची जाहिरात एका ओळीची होती: ‘ला पाव्होनी युरोपिकोला, १९६०चं दशक, सगळे भाग मूळचे, पूर्ण रिस्टोअर केलेली, २२० व्होल्ट.’ सोबत चकचकीत फोटो आणि वाफ सोडतानाचा छोटा व्हिडिओ. किंमत बाजारभावापेक्षा जराशीच कमी. फार कमी ठेवली की गिऱ्हाईक बिचकतं, हे असल्या विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं. मशीन युरोपातून पुण्यात पोचलं, वीज लावण्याआधी खोललं गेलं, आणि मशीनच्या नावापलीकडे त्या ओळीतलं काहीही खरं नसल्याचं कळलं.

आधी वयाचं बघू. मिलानच्या ला पाव्होनीने युरोपिकोला १९६१मध्ये आणली. पहिल्या पिढीत पिस्टन थेट ग्रुपच्या (जिथून कॉफी निघते त्या पुढच्या भागाच्या) पितळी भिंतीला घासत चालतो. १९७०च्या दशकाच्या मध्याला ग्रुपच्या आत वेगळी स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, आली. साधारण २०००नंतर बास्केटचा, म्हणजे कॉफीची पूड भरायच्या जाळीदार वाटीचा, व्यास ४९वरून ५१ मिलिमीटर झाला. बास्केट ५१ची निघाली तर वाद तिथेच मिटतो. ४९ची निघाली म्हणून मात्र मशीन साठच्या दशकातलं ठरत नाही. इथे बास्केट ४९ची होती आणि खरेदीदार त्यावरच निर्धास्त राहिला. ग्रुपची खालची जाळी काढल्यावर आत पितळी स्लीव्ह दिसली. खालचा बेस जुना, दोन स्विचचा. त्यावर बसवलेला ग्रुप नंतरचा. असे जोडकाम करून विकण्यात गैर काही नाही, फक्त ते ‘मूळचे’ म्हणून आणि त्या भावाने विकू नये.

ग्रुपवरची चकाकी स्प्रेची होती. कापसावर अॅसिटोन घेऊन आतल्या कोपऱ्यात घासलं की कापूस राखाडी होतो. खऱ्या क्रोमला काही होत नाही. प्लेटिंग खरं असलं तरी धारा बघाव्यात. नव्याने क्रोम करण्याआधी पॉलिश फार मारलं, की षटकोनी नटांचे कोपरे गोल होतात आणि अक्षरं पुसट पडतात. विक्रेता फोटो नेहमी लांबून आणि समोरून काढतो. तुम्ही नटांचा जवळून काढलेला फोटो मागा.

बॉयलरचं झाकण उघडून टॉर्च मारला तर आतल्या पितळेवर तांबूस-गुलाबी चट्टे होते. क्षार काढताना अॅसिड फार तीव्र वापरलं किंवा फार वेळ ठेवलं, की पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. वरून धातू धडधाकट दिसतो, पण आतून तो ठिसूळ झालेला असतो. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, अर्धा-पाऊण तास, मग भरपूर पाण्याने धुणं. घरी एवढं पुरतं. थर जाड असेल तर तेच पुन्हा करावं, अॅसिड वाढवू नये.

पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीच्या खालच्या जोडाशी चीर होती. ती साध्या शिसं-कथलाच्या सोल्डरने बुजवून वर रंग मारला होता. एकतर शिसं थेट पिण्याच्या पाण्यात. दुसरं असं की हे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतं. ०.८ बारला बॉयलर ११७ अंशांवर असतो, तोवर सोल्डर टिकतं. पाणी संपून हीटर कोरडा तापला की ते सुटतं. असा जोड चांदीच्या ब्रेझिंगनेच करावा लागतो, आणि त्याला सहाशे अंशांहून जास्त उष्णता लागते. ते काम कसबी माणसाचं.

मग सेफ्टी व्हॉल्व्ह. खरं तर इथे कोणाचाही जीव गेला असता. दोन स्विचच्या जुन्या मशीनला प्रेशरस्टॅट, म्हणजे दाब आपोआप सांभाळणारा स्विच, नसतो. दाब वाढला की कमी वॉटच्या स्विचवर यायचं हे माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलेलं असतं. विसरलं तर वाचवणारा हाच एक व्हॉल्व्ह. तो गळत असावा, म्हणून कोणीतरी आतला गोळा सोल्डरच्या थेंबाने कायमचा बसवून टाकला होता. गळती थांबली, व्हिडिओ छान आला. अनोळखी बॉयलरची चाचणी नेहमी गार पाण्याने काठोकाठ भरून, हातपंपाने दाब देऊन घ्यावी. हवेने किंवा वाफेने कधीच नाही. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे भांडं फुटलं तरी तुकडे उडत नाहीत.

हीटरची गंमत वेगळीच. मल्टिमीटरवर १४.४ ओहम आले. २३० व्होल्टच्या १००० वॉट हीटरला सुमारे ५३ ओहम यायला हवेत, १४.४ म्हणजे १२० व्होल्टचा, अमेरिकेसाठीचा हीटर. आपल्याकडे लावला तर साडेतीन हजार वॉटच्या वर जातो, जवळपास १६ अँपिअर ओढतो. सहा अँपिअरचा एमसीबी थोड्याच वेळात पडेल, पण गीझरच्या सॉकेटला तो काही मिनिटं मुकाट चालेल आणि मग जळेल. अर्थ इतकाच की तो व्हिडिओ या मशीनचा नव्हताच, किंवा १२० व्होल्टवर काढलेला होता. बेसखालची माहितीपट्टी ‘हरवलेली’ होती, हे सांगायला नकोच.

पिस्टनवरचे सील तेवढे नवे होते. तेही खालच्या सीलचा ओठ वर करून बसवलेले. तो कॉफीच्या बाजूला, खाली असावा लागतो. नाहीतर आठ-नऊ बारचा दाब धरलाच जात नाही, लिव्हर भसकन खाली जाते. व्हिडिओत फक्त वाफ का दाखवली होती, शॉट, म्हणजे प्रत्यक्ष कॉफी काढणं, का नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

पैशांचा डाव ठरलेला असतो. ऑनलाइन पेमेंटच्या ‘मित्र-नातेवाईक’ प्रकारात पैसे पाठवा, पाच टक्के सवलत देतो. त्या प्रकाराला खरेदीदार-संरक्षण नसतं. तक्रार केली की आधी कुरियरवर ढकलायचं. मग ‘स्वखर्चाने परत पाठवा, पूर्ण पैसे देतो’. पितळेचं मशीन युरोपात परत पाठवायचा खर्च तो जाणून असतो. शेवटी थोडीशी रक्कम देऊ करायची, अट एकच: तक्रार बंद करा. ती घेऊ नका, आणि कस्टम्समध्ये पार्सल अडकलंय म्हणून तक्रारीची मुदत उलटूही देऊ नका.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे मागा: जाळी काढलेल्या ग्रुपचा खालून फोटो, बास्केटवर व्हर्निअर लावलेला फोटो, उघड्या बॉयलरचा आतून फोटो, प्लगच्या दोन पिनांवर मल्टिमीटर, आणि थंड मशीन सुरू केल्यापासून कपात शॉट पडेपर्यंतचा अखंड व्हिडिओ, शेजारी आजच्या तारखेचा कागद. मशीन खरंच खोलून दुरुस्त केलेल्या माणसाकडे यातले बरेचसे फोटो आधीच असतात. ‘सील फुटेल, आता उघडता येत नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा: ग्रुपचे सील स्वस्त असतात आणि सहज मिळतात. भारतातल्या खात्यात पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कार्डाने परदेशी दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा, आणि त्यासाठी खोका उघडतानाचा विनाकट व्हिडिओ व मल्टिमीटरचा फोटो जोडा.