कॉन्टेसाचा सस्पेन्शन संच: लाल बुश सगळीकडे नकोत

हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला आपल्याकडची मसल कार म्हणायची पद्धत पडली आहे. बॉनेटची लांबी पाहिली तर ठीक, १.८ लिटरच्या इसुझू इंजिनाकडे पाहिलं तर जरा जास्तच. पण नागपुरात ज्यांची कॉन्टेसा अजून रस्त्यावर आहे, त्यांची तक्रार सहसा इंजिनाबद्दल नसते. सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर खटका बसतो, वळणावर मागचा भाग लहरतो आणि समृद्धीवर वेग धरला की स्टिअरिंग सोडवत नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा सस्पेन्शन संच याच तक्रारींच्या जोरावर खपतो. चाक धरणाऱ्या पुढच्या-मागच्या दांड्यांचे, म्हणजे आर्मचे, लाल पॉलीयुरेथेन बुश (जोडातल्या रबरी बुशांच्या जागी बसणारे, रबरापेक्षा कडक), चार गॅस शॉकअप आणि चार जाड तारेच्या स्प्रिंगा, असा सगळा माल. आमचं मत असं: शॉकअप घ्या, बुश निवडून घ्या, स्प्रिंगा गाडी मापल्याशिवाय घेऊ नका.

कॉन्टेसाचा सांगाडा वॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीच्या घराण्यातला. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म; मागे अखंड ॲक्सल. हा ॲक्सल पुढे-मागे ट्रेलिंग आर्म धरतात, डावीउजवीकडे आडवा पॅनहार्ड रॉड धरतो. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. ॲम्बेसेडरला मागे पाटे, पुढे टॉर्शन बार. त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात बसलेला मिस्त्री इथे बुशांना दुय्यम समजतो. पाटा स्वतःच ॲक्सल जागेवर धरतो, कॉइल स्प्रिंग नुसतं वजन पेलते. धरून ठेवायचं काम सगळं बुशांचं.

आता ‘भाऊ, पूर्ण लालच टाकून घ्या’ हा काउंटरवरचा सल्ला. पॅनहार्ड रॉडला आणि पुढच्या लोअर आर्मला तो बरोबर आहे. जुनं रबर पिचलं की ॲक्सल बाजूला सरकतो, तेच मागचं लहरणं. कडक बुश टाकला की फरक पहिल्याच वळणावर कळतो. मागच्या ट्रेलिंग आर्मला मात्र दोन्ही टोकांना लाल बुश टाकू नका. गाडी वळणावर कलते तेव्हा ॲक्सलला आर्मच्या तुलनेत पीळ बसतो, आणि तो पीळ रबरच सोसतं. दोन्ही टोकं कडक झाली की आर्म अडकतात, मागची चाकं खड्ड्यात उचकतात, आणि पुढे आर्मच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चीर जाते. निदान बॉडीकडच्या टोकाला रबर ठेवा. कारखाना सुटे बुशही देतो, फक्त ते मागावे लागतात.

बुश हातात आला की व्हर्निअर लावा. आतली स्टीलची स्लीव्ह बुशापेक्षा प्रत्येक बाजूला थोडी, साधारण पाव मिलिमीटर, बाहेर यायला हवी. बोल्टने आवळायची ती स्लीव्ह, बुश नव्हे. या संचातल्या काही बुशांत स्लीव्ह उलट आत बसलेली सापडते. तशीच बसवली तर बोल्ट बुशालाच चेपतो, आर्म जड होतो आणि प्रत्येक गतिरोधकावर कुईकुई सुरू. असा बुश परत करा किंवा लेथवर बुशाची कड छाटून घ्या, दहा मिनिटांचं काम. ग्रीस सिलिकॉनचंच लावा. चेसिसचं साधं ग्रीस लवकर बाहेर पडतं, आणि रबराच्या बुशाला लागलं तर ते फुगवतं. रबर बसवताना साबणाचं पाणी पुरे.

संचातला सगळ्यात चांगला माल शॉकअप. दोन नळ्यांचे, कमी दाबाचे. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि पकड सुटते. गॅसचा दाब तो फेस रोखतो. मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत, वाडीच्या पुढे ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर, याची किंमत कळते. गॅसने गाडी वर उचलली जाईल ही भीती इथे फोल आहे: साडेबारा मिलिमीटरच्या दांड्यावर ५ बार दाब म्हणजे जेमतेम सहा किलोचा धक्का. बसवण्याआधी शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आतल्या नळीतली हवा निघते. हे न केलेला नवा शॉकअप ‘ठक-ठक’ करतो आणि दुकानदाराला उगाच शिव्या बसतात.

स्प्रिंगांबद्दल उत्साह आवरा. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो: १२ मिलिमीटरची तार १३ केली आणि वेढे, व्यास तेच ठेवले तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. एवढ्याने रिकामी गाडी उडते. आधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजा. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरच्या आत फरक असेल आणि गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे चाक पूर्ण वर आलं की लागणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, बसत नसेल, तर जुन्या स्प्रिंगा राहू द्या. वेढा कापून गाडी खाली घ्यायचा मोह तर नकोच. आठ चालू वेढ्यांतला एक गेला की कडकपणा १४ टक्के वाढतो, चाकाची वर यायची जागा मात्र घटते.

बसवताना जीव सांभाळायची जागा एकच, पुढची स्प्रिंग. लोअर आर्मखाली जॅक आणि स्प्रिंग दाबून धरणारा दोन हुकांचा कंप्रेसर असल्याशिवाय बॉल जॉइंटचा नट सोडू नका. गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही. रबराचे बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिच्या वजनाखालीच आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट, आणि ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून परत अलाइनमेंट. उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाक कललेलं असणं) दोन्ही बदलतात. नुसता टो जुळवून गाडी परत देणारे सेंटर बरेच आहेत, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या.