लीन सल्लासेवा: काम चोख, हिशेब सैल

भोसरी एमआयडीसीतील आमच्या प्रेस शॉपसाठी (प्रेसवर भाग दाबून बनवण्याच्या विभागासाठी) आम्ही एका खासगी संस्थेची लीन सल्लासेवा, म्हणजे कामातील वेळेचा आणि साधनांचा अपव्यय कमी करण्याचे मार्गदर्शन, घेतली होती. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजनेत अंमलबजावणीच्या खर्चातील ९० टक्के वाटा सरकार उचलत असल्याने अनेक लघुउद्योजक सध्या अशा सेवेच्या विचारात आहेत; त्यांच्यासाठी हा अभिप्राय.

शॉप फ्लोअरवरील कामाला नावे ठेवता येणार नाहीत. चालू लॉट संपण्याआधीच पुढची डाय (प्रेसमध्ये बसवायचा साचा), क्लॅम्प आणि पाने ट्रॉलीवर तयार ठेवण्याची शिस्त त्यांनी लावली आणि डाय बसवणाऱ्या आमच्या सेटरनाही ती पटली.

मोजमापाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. जपानी उत्पादन-अभियंते शिगेओ शिंगो यांच्या पद्धतीत डाय बदलण्याचा वेळ आधीच्या लॉटच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या लॉटच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंत धरला जातो. संस्थेचे घड्याळ शेवटचा बोल्ट आवळला की थांबत असे. त्यानंतर शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) जुळवणे, बर (कडेचे धारदार कंगोरे) आलेले ट्रायलचे नग बाजूला काढणे आणि क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, सहीची वाट पाहणे, यात जाणारा वेळ अहवालात कुठेच दिसत नव्हता.

ओईईची, म्हणजे यंत्राच्या एकूण परिणामकारकतेच्या टक्केवारीची, गोष्ट याहून गमतीची. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा हा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के धरले की जेमतेम ८५ येतात, आणि हाच आकडा उद्दिष्ट म्हणून सर्वत्र भिंतींवर लावलेला असतो. आमच्याकडे डाय सेटिंगचा वेळ ‘नियोजित थांबा’ ठरवून एकूण वेळातूनच वगळण्यात आला, त्यामुळे ओईई वाढला, पण शिफ्टअखेरचे नग होते तेवढेच राहिले.

वाचलेले मनुष्यतास मजुरीच्या दराने गुणून ‘वार्षिक बचत’ही दाखवण्यात आली. पगारपत्रक आणि ओव्हरटाइम दोन्ही जैसे थे असताना ही बचत नेमकी कोणत्या खात्यात जमा झाली, हे आमच्या अकाउंटंटना अजून सापडलेले नाही. मोकळ्या झालेल्या वेळात जादा ऑर्डर घेतली किंवा ओव्हरटाइम घटवला, तरच तिला बचत म्हणता येईल.

सेवा घ्यायला हरकत नाही. मात्र सुरुवातीचे आकडे सल्लागार येण्यापूर्वी स्वतःच्या सुपरवायझरकडून नोंदवून घ्यावेत, व्याख्या करारात लिहून घ्याव्यात आणि फीचा शेवटचा हप्ता सल्लागार गेल्यावर सहा महिन्यांनी होणाऱ्या फेरमोजणीपर्यंत राखून ठेवावा.