ड्युअल बँड फिल्टर: तेजोमेघ झकास, पण अल्निटाकभोवतीच्या वलयाचं काय?

आकाशात मृग तारकासमूह दिसतो तो अख्खा सीझन हा फिल्टर टेलिस्कोपला जोडलेल्या कलर कॅमेऱ्यावर वापरून झाला, आता सविस्तर लिहितोय. तेजोमेघांतल्या वायूंच्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे हा आत सोडतो, बाकीचा प्रकाश अडवतो: लाल हायड्रोजन-अल्फा 656.3 आणि निळसर-हिरवा ऑक्सिजन-थ्री 500.7 नॅनोमीटर. दिव्यांनी उजळलेल्या आकाशातून गुलाबासारखा दिसणारा रोझेट तेजोमेघ काढला तर पाच मिनिटांच्या एका सबमध्ये (एका सुट्या फोटोत) पाकळ्या दिसल्या, मधल्या एनजीसी 2244 या तारकागुच्छातल्या तरुण ताऱ्यांनी वायू ढकलून केलेली पोकळीसुद्धा स्टॅक न करता, म्हणजे अनेक सब एकत्र न करता, कळत होती. जाम खूश झालो.

मग मृगातल्या हॉर्सहेड या घोड्याच्या डोक्यासारख्या काळ्या तेजोमेघाकडे वळलो आणि डोकंच फिरलं. त्याच्याजवळच्या अल्निटाक या तेजस्वी ताऱ्याभोवती निळसर-हिरवं भलंमोठं वलय, ते नेमकं शेजारच्या फ्लेम नेब्युलावर पसरलेलं, म्हणजे धुळीचा जो काळा पट्टा टिपायला रात्र जागवायची तोच पुसट. फोटोतले रंगांचे चॅनल वेगळे केले तर लाल (हायड्रोजनचा) स्वच्छ, सगळी घाण ऑक्सिजनच्या चॅनलमध्ये.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर आलं की दोष तुमच्या टेलिस्कोपचा. अहो, त्याच टेलिस्कोपने, त्याच रात्री, फिल्टर काढून घेतलेला सब सोबत जोडला होता, त्यात वलयाचा मागमूस नाही! प्रकाश फिल्टर आणि सेन्सरवरच्या काचेत मागेपुढे आपटतो म्हणून हे होतं, हे त्यांनी मला सांगायला हवं होतं, मी त्यांना नाही. बरीच पत्रापत्री झाल्यावर एकदाचा बदलून दिला.

नवा आल्यावर मत थोडं बदललं. वलय आहे, पण फिकट, आणि फिल्टर उलटा बसवून पाहिला तर अजून कमी झालं, फ्लेमचा पट्टा परत दिसायला लागला. हॉर्सहेडखालचा निळा तेजोमेघ एनजीसी 2023 मात्र जवळपास गायब होतो. त्यासाठी फिल्टरला नावं ठेवणार नाही, तो धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्याचा प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला, तो अडणारच. तेवढ्यासाठी आणि ताऱ्यांच्या रंगांसाठी अंधाऱ्या आकाशाखाली बिनफिल्टरचे सब वेगळे घ्या.

घेणार असाल तर विक्रेत्याकडे अल्निटाकचा प्रोसेस न केलेला सब मागा. रोझेटच्या देखण्या फोटोवर जाऊ नका, तिथे एवढा तेजस्वी ताराच नाही, त्यामुळे वलयाचा दोष दिसणारच नाही.