होल्डन कमोडोर एसएस-व्ही रेडलाइन: सेकंडहँड घेतली आणि पटली
शेवटी घेतलीच ही ऑस्ट्रेलियन गाडी! 2016 ची व्हीएफ सिरीज टू मॉडेल, 6.2 लिटर व्ही8, 304 किलोवॅट, मॅन्युअल. सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं की आधी खर्जातला हुंकार येतो आणि मग गिअरची मूठ हातात हलकीशी थरथरते, काय सांगू! ब्रेम्बोचे ब्रेक जबरदस्त, पण पेट्रोल पाण्यासारखं पिते आणि काचेशेजारचा खांब इतका जाड की राउंडअबाउटला मान वाकवून बघावं लागतं. इथे ऑस्ट्रेलियात नवीन भारी गाडी घ्यायची तर 10 टक्के जीएसटी, ठराविक किमतीच्या वरच्या रकमेवर 33 टक्के लक्झरी कार टॅक्स, शिवाय स्टेटची स्टॅम्प ड्युटी वेगळीच. अहो, होल्डनचा ॲडलेडजवळच्या एलिझाबेथचा कारखाना 2017 लाच बंद झाला, मग हा लक्झरी टॅक्स आता कोणत्या देशी गाड्यांना वाचवतोय? काढूनच टाकायला हवा. सर्व्हिस हिस्टरी पूर्ण असलेली रेडलाइन दिसली तर सोडू नका.