दुखऱ्या बोटांसाठी पेढ्या-मोदकांचे तीन साचे

गेल्या श्रावणात आमच्या सासूबाईंनी जाहीर केले की यंदा गौरी-गणपतीला पेढे आणि खव्याचे मोदक विकत आणायचे नाहीत, ते त्या स्वतः घरी करणार. त्यांचे वय ८३, दोन्ही हातांची बोटे संधिवाताने सुजलेली, मूठ पुरती मिटत नाही. तरीही खवा किती परतायचा हे त्यांच्याइतके घरात कोणालाच कळत नाही. त्यामुळे पुण्याच्या तुळशीबाग परिसरातून मी तीन प्रकारचे साचे आणले आणि पुढचे दोन महिने दर शनिवारी दुपारी आम्ही दोघींनी ते वापरून पाहिले. पुढे लिहिले आहे ते या अनुभवावरून. ज्यांची बोटे धडधाकट आहेत त्यांना यातला कोणताही साचा चालेल.

अॅल्युमिनियमचा मोदकाचा साचा दुकानदार सर्वांत आधी दाखवतो आणि ‘आयुष्यभर टिकेल’ असे सांगतो. टिकेल यात शंका नाही. मात्र बिजागरीने जोडलेले त्याचे दोन अर्धे भाग मिटवून धरण्यासाठी अंगठा आणि तर्जनी यांची चिमट लागते, आणि संधिवातात नेमके तेच कठीण जाते. शिवाय आमच्या साच्याची कड नीट घासलेली नव्हती. वयाबरोबर पातळ झालेल्या कातडीला असा ओरखडा लगेच येतो आणि लवकर भरत नाही. मी कानशीने ती कड गुळगुळीत केली. पण बिजागरीत अडकलेला खवा टाचणीने कोरून काढण्याचे काम काही चुकले नाही. पहिल्या दिवशी चौथ्या मोदकानंतर सासूबाईंनी साचा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘हा तू वापर, मला नको.’

प्लास्टिकचा तीन पाकळ्यांचा साचा मला ४० रुपयांना मिळाला आणि अपेक्षेपेक्षा बरा निघाला. तो हलका आहे, कडा बोथट आहेत, आणि आतून तुपाचे बोट फिरवले की मोदक सहज सुटतो. अडचण एवढीच की तो एका हाताने मिटून धरायचा आणि दुसऱ्या हाताने भरायचा असतो. आम्ही काम वाटून घेतले: साचा मी धरायचा, सारण त्यांनी अंगठ्याने दाबून भरायचे. अशा पद्धतीने तासाभरात बरेच मोदक झाले, बोलणेही झाले. एकट्या राहणाऱ्या आजींना मात्र हा साचा मी सुचवणार नाही. प्लास्टिकमध्ये गरम मिश्रण भरू नये हे सांगायला नकोच, पण घाईत आपण नेमके तेच करतो.

माझी खरी शिफारस आहे ती लाकडी ठशाची. खाली फुलाची नक्षी कोरलेला गोल चेहरा, वर लाकडाची जाड मूठ, एवढेच ते उपकरण. पेढ्याची गोळी ताटात ठेवायची, ठसा वर टेकवायचा आणि तळहाताने दाबायचे. बोटांना काही करावे लागत नाही, खांद्याचा आणि मनगटाचा भार पुरतो. या वयात हातातून जाते ती ताकद, जाण नव्हे. म्हणून साच्याने ताकदीचे काम तेवढे आपल्याकडे घ्यावे आणि बाकीचे त्या माणसाकडे राहू द्यावे. ठसा ते करतो. आम्ही २५० ग्रॅम खवा मंद आचेवर परतला. कढईपाशी मी उभी होते, त्या समोर खुर्चीवर. मध्येच बशी मागायच्या, चिमूटभर खवा फुंकर घालून तळहाताच्या उंचवट्यावर अंगठ्याने घासायच्या आणि ‘अजून ओला आहे’ म्हणून बशी परत द्यायच्या. खवा कोमट झाल्यावरच त्यांनी १०० ग्रॅम तगार (मिठाईत घालतात ती दाणेदार साखर) आणि वेलदोड्याची पूड घालू दिली, कारण गरम खव्यात तगार विरघळून मिश्रण सैल पडते. पेढे २३ झाले. त्यांतल्या पहिल्या पाचांवरचे फूल ठळक उमटले, पुढची फिकट होत गेली, कारण नक्षीत खवा साचत होता. दर चार-पाच पेढ्यांनंतर ठसा कोरड्या फडक्याने पुसून तुपाचे बोट लावले की हा प्रश्न सुटतो.

ठशात उणिवा आहेत. तो मला ३५० रुपयांना पडला, आणि घरी आल्यावर दिसले की नक्षीची एक पाकळी इतकी खोल कोरली आहे की तिथला खवा प्रत्येक वेळी तुटून आतच राहतो. बदलून मागितल्यावर ‘लाकडी माल परत घेत नाही’ असे उत्तर मिळाले. तेव्हा घेतानाच थोडी भिजवलेली कणीक सोबत न्यावी आणि ठसा तिथेच उमटवून पाहावा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू द्यावे. लाकूड पाण्यात भिजत ठेवू नये. दात घासायच्या जुन्या ब्रशने नक्षी साफ करून सावलीत वाळवले नाही तर बुरशी धरते.

खव्याखेरीज खजुराचे पेढेही या ठशाने चांगले होतात. २५० ग्रॅम बिनबियांचा खजूर चमचाभर तुपावर मऊ करायचा आणि त्यात बदाम-अक्रोडाची पूड मळायची. कवळी असलेल्यांसाठी भरड नको, बारीक पूडच हवी. पाकिटावर ‘बिनबियांचा’ असे छापलेले असले तरी प्रत्येक खजूर बोटाने चाचपावा, आम्हाला दोन बिया सापडल्या. आणि साखर घातली नाही म्हणून हा पदार्थ मधुमेहींना हवा तेवढा चालतो, हा समज सोडून द्यावा, कारण खजुरात साखरच भरपूर असते. ठसा लहान निवडला तर पेढाही लहान होतो, हा त्याचा आणखी एक उपयोग. तिळगुळाच्या कडक पाकासाठी मात्र तो वापरू नये. तो पाक चटका देणारा असतानाच आकार द्यावा लागतो, आणि थरथरत्या हातांजवळ तो नसावा हेच बरे.

शेजारच्या काकू मूळच्या वसईच्या. नाताळात कुलकुल, म्हणजे शंखाच्या आकाराचा तळलेला गोड पदार्थ, काट्या-चमच्यातल्या काट्यावर वळण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. आमचे तिन्ही साचे पाहून त्यांनी घरून काटा आणला, खजुराची गोळी त्याच्या पाठीवर दाबून पुढे गुंडाळली आणि रेघांचा सुबक शंख करून ताटात ठेवला. शून्य रुपये खर्च. सासूबाईंनी तो उचलून पाहिला, छान आहे म्हणाल्या आणि पुन्हा ठशाकडे हात नेला. अॅल्युमिनियमचा साचा आता माळ्यावर आहे. ठसा मात्र धुऊन डब्यात ठेवलेला त्यांना चालत नाही. ओट्याशेजारच्या खुंटीला दोरीने टांगलेला, त्यांच्या खुर्चीतून दिसेल असा हवा.